वेळामावस्या, बांधापलीकडची टोळी आणि सहाचा पिकअप

सीनाकाठ | २१ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, शुक्रवारी वेळामावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या रानात पूजा करून जेवायच्या सणाला, गावी गेलो होतो. गाव मोहोळ तालुक्यात, सीनेला लागून. सप्टेंबरातल्या पुरानं नदीकडचं रान खरवडून नेलंय, तिथं यंदा ज्वारी नाहीच. वरच्या तुकड्यात आहे. तिथंच कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी केली, आतले पाच पांडव म्हणून मांडलेले दगड चुन्यानं रंगवले, भज्जी-उंडे-आंबील हा नैवेद्य झाला, रानात चर शिंपून झाला. जेवून बांधावर टेकलो तर पलीकडच्या उसात ऊसतोड मजुरांची टोळी. बीडकडची माणसं. त्यांच्याही कोप्या होत्या, कारखान्यानं दिलेल्या बांबू-चटईच्या. आमची कोप एका दिवसाची, त्यांची पाच महिन्यांची.

खरी गंमत त्याच दिवशी पहाटे दिसली होती. सहाच्या सुमारास पारापाशी पिकअप आला आणि आमच्या गावच्या वीस-बावीस बाया त्यात उभ्या राहून पंढरपूरच्या बाजूला द्राक्षाच्या बागेत गेल्या. सणाच्या दिवशी! एक चुलती म्हणाली, "गेलं न्हाई तर गाडीवाला उद्या दुसरीला घेतो."

तर माझा बाळबोध प्रश्न असा. आमच्याच शिवारात शेकडो टन ऊस तोडायला उभा असताना तो तोडायला दीड-दोनशे किलोमीटरवरून माणसं येतात, आणि आमची माणसं कामासाठी पन्नास किलोमीटर लांब जातात. पाणी आलं की काम येतं, असं लहानपणापासून ऐकत आलो. उजनी १९८० मध्ये पूर्ण झाली. सव्वाशे नाही म्हटलं तरी ११७ टीएमसीचं धरण. (त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी सोडता न येणारं, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.) राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या सोलापूर जिल्ह्यात. मग काम कुठं गेलं?

पुण्यात बँकेत बसून शेतीवर बोलतोय, हा टोमणा आधीच स्वीकारून ठेवतो.

---

अकलूजकर | २१ डिसेंबर, रात्री १०:१५

टोमणा मारणारच होतो, हुकला.

पण उसाला सरळ गुन्हेगार करू नका. माळशिरस तालुक्यात नीरेचा उजवा कालवा येण्याआधी काय होतं ते आमच्या आजोबांकडून ऐकलंय. नुसतं माळरान. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात येऊन माळीनगरला स्वतःचा कारखाना उभा केला. सहकार, सरकारी भागभांडवल हे सगळं पुढचं. आज आमच्याकडे ऊसतोड सोडली तरी कारखान्यातला कामगार, ट्रॅक्टरवाला, टायरवाला, गॅरेज, खताचं दुकान, कॉलेजातला शिपाई, सगळे उसावर जगतात. तुम्ही फक्त शेतात वाकलेला माणूस मोजताय. काम म्हणजे वाकणंच असतं का?

---

सीनाकाठ | २१ डिसेंबर, रात्री १०:३२

@अकलूजकर, मान्य. पण गॅरेज, दुकान, कॉलेज या यादीत बाई कुठं आहे? पिकअपमध्ये सगळ्या बायाच होत्या.

---

मंगळवेढेकर | २१ डिसेंबर, रात्री ११:०५

अकलूजकर, तुमच्याकडे माळ हिरवा झाला याचा आनंद आहे. आमच्या दक्षिण भागातल्या २४ गावांची उपसा योजना मात्र दर निवडणुकीत नव्यानं मंजूर होते आणि निकालानंतर जुनी होते. पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जातो, असं आमच्या लोकांनी उगाच म्हटलं नव्हतं. सीमेपलीकडच्या गावात पाणी दिसतं हो डोळ्याला.

एकाच जिल्ह्यात माळशिरस आणि मंगळवेढा. सरासरी काढली की दोघंही 'पश्चिम महाराष्ट्र'. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि नाव सुबत्तेचं.

आमच्याकडे पाणी नाही पण ज्वारी आहे. मालदांडी. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काळी खोल जमीन, परतीच्या पावसाची ओल आणि थंडी, यावर पीक निघतं. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती याच मुलखातली. पण ज्वारीची गोची अशी की ती हातानं उपटावी लागते. बुडखा धरून ओढायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. तळहात सोलतात. आणि सगळ्यांची ज्वारी फेब्रुवारीच्या त्याच पंधरा-वीस दिवसांत येते. त्या दिवसांत माणूस मिळत नाही आणि उरलेल्या दहा महिन्यांत माणसाला काम मिळत नाही. आमचा बेरोजगारीचा प्रश्न हा असा आहे.

---

दोन एकर | २२ डिसेंबर, सकाळी ६:५०

धारा काढून आलो, वाचलं. शहाण्यांनो, शेतमालकाची बाजू पण ऐका.

माझी दोनच एकर, नावावरून कळलंच असेल. बाईला ४०० आणि गड्याला ६०० देतो, वर न्यायला-आणायला गाडी, दोनदा चहा. तरी आज येतो म्हणणारा उद्या फोन उचलत नाही. आता तर हजेरीनं कोण येतच नाही, सगळं उक्तं, म्हणजे ठरवून ठोक. कांदा काढायला एकरी गुत्तं. दोन बायका-पोरांचं घर असलं तर आम्हीच एकमेकांच्यात सावड करतो. गेल्या वर्षी ज्वारीचं एक एकर मोडून मका केला, का? तर मक्याला मशीन येतंय. ज्वारीची भाकर आवडते, पण मोडून पडलेली कंबर भाकरीनं नीट होत नाही.

आणि ती रोजगार हमी. कागदावर चालते. गावात विहिरी झाल्या, गोठे झाले, ते मान्य. पण रोजंदारीचं काम मागायला गेलं तर आमच्याकडं "सेल्फवर काम नाही" म्हणतात, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत काही नाही. मजुरी ३१२ रुपये. ४०० सोडून ३१२ ला, तेही दीड महिन्यानं खात्यात, कोण जाईल?

---

नागपुरी संत्रं | २२ डिसेंबर, सकाळी १०:२०

सोलापूरकरांना दुष्काळी म्हणवून घ्यायचंय आणि कारखानेही सगळ्यात जास्त तुमच्याकडेच. काय मजा आहे ना बाप्पा!

दांडेकर समिती १९८३ मध्ये नेमली, १९८४ मध्ये अहवाल आला, सिंचनाचा अनुशेष, म्हणजे कुठला भाग किती मागं राहिला ते, मोजला. पुढं १९९४ मध्ये विभागवार वैधानिक विकास मंडळं आली. २०२० मध्ये मुदत संपली आणि तीही गेली. एवढं होऊन आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. दोन-अडीच महिने. पोरंसोरं घेऊन. मजुरीत पैशांसोबत मिरचीही मिळते, पोत्यानं घेऊन येतात. तुमचा पिकअप निदान संध्याकाळी परत येतो.

---

मंगळवेढेकर | २२ डिसेंबर, सकाळी १०:४१

पिकअप परत येतो, हे खरं. पण अनुशेष विभागानुसार मोजायचा ठरला तेव्हा आम्ही विदर्भ-मराठवाडा सोडून उरलेल्या 'उर्वरित महाराष्ट्रा'त पडलो. तिथं आमच्या शेजारी बसले कोल्हापूर आणि सांगलीचा कृष्णाकाठ. वर्गात एक हुशार मुलगा असला की बाकीच्यांची सरासरी वाढते, पण त्यांना मार्क मिळत नाहीत. तुमचं दुःख खोटं म्हणत नाही. मोजमापाची पट्टी तालुक्याची हवी, एवढंच.

---

बाभूळवन | २२ डिसेंबर, दुपारी ३:१०

मी कृषी खात्यातून निवृत्त झालोय. कुठल्या तालुक्यात काय केलं ते जाऊ द्या. पण या धाग्यात एक दुवा निसटतोय, तो सांगतो. लांबेल. चहा घेऊन बसा.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. आई आणि मोठी बहीण पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायच्या. सुकडी हा कोरडा खाऊ मिळायचा. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. त्याची भाकरी थापताना तुटायची, आई रडायची. त्याआधी वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला होता. दुष्काळानं तो राज्यभर नेला. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. सीनाकाठ, तुमच्या पगारातून दरमहा जे दोनशे रुपये कापले जातात ना, त्याचं मूळ तिथं आहे. सगळ्या देशासाठीचा कायदा त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २००५ मध्ये आला.

आता मुद्दा. सुरुवातीची कामं म्हणजे खडी आणि रस्ते. त्या दिवसाची चूल पेटायची, उद्याचं काही नाही. १९९० मध्ये राज्यानं रोजगार हमीला फळबाग जोडली. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात खड्डे घ्यायचे, रोपं लावायची, आणि त्या मजुरीचा खर्च योजनेतून. आमच्या भागात बोर आणि डाळिंब. उमराण, कडाका बोरं आठवतात का कुणाला? मी त्या काळात मोटरसायकलवर हिंडून खड्डे मोजलेत. मीटर बाय मीटर. एकानं तर माझ्यासमोर खड्ड्यात उतरून उभं राहून दाखवलं, "साहेब, छातीपर्यंत येतोय बघा." तो माणूस बुटका होता, हे मला नंतर कळलं.

त्यातून सांगोला उभा राहिला. पाऊस तोच, जमीन हलकी, मुरमाड. उसाला नालायक, डाळिंबाला उत्तम. आणि डाळिंब हे हाताचं पीक आहे. छाटणी, पानगळ, विरळणी, फळाला कागद नाहीतर कापड, बहार धरायचा, ताण द्यायचा, तोडणी, प्रतवारी, पेट्या भरणं. उसाला लागण, बांधणी झाली की तोडीपर्यंत पाणी देणारा एक माणूस बस्स. डाळिंबाच्या बागेला वर्षातून अनेकदा बायकांची पात लागते. तीही कौशल्याची. चांगली छाटणी करणारी टोळी आधी सांगून ठेवावी लागते. एवढ्याशा पाण्यात एवढं काम देणारं दुसरं पीक मी आपल्या जिल्ह्यात पाहिलं नाही.

म्हणजे सीनाकाठ, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: काम पाण्याबरोबर येत नाही, पिकाबरोबर येतं. आणि पीक कुठलं, हे पाणी कसं वाटलं यावर ठरतं. भरपूर आणि स्वस्त मिळालं की ऊस. मोजून मिळालं की फळ. काहीच नाही मिळालं की ज्वारी आणि स्थलांतर. आमदार गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले, समन्यायी पाणीवाटप म्हणत राहिले. तेव्हा आम्हा अधिकाऱ्यांना ते घोषणेसारखं वाटायचं. आता वाटत नाही.

डाळिंबाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्यानं जाहिरात केली म्हणाल. तेल्या रोग आला. फळावर तेलकट काळे डाग, फळ तडकतं, बाग जाते. २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात केगावला आलं, तरी तेल्याला रामबाण औषध नाही. स्वच्छता, विश्रांती, निरोगी रोपं, एवढंच. मग अवकाळी पाऊस वाढला, मर रोग आणि खोडात भोकं पाडणारा भुंगेरा आला. सांगोल्यात लोकांनी उभ्या बागा जेसीबीनं उपटल्या. बाग उपटली तेव्हा मालकाचं कर्ज पेपरात आलं. त्या बागेत छाटणीला जाणाऱ्या बायकांचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. त्यातल्याच काही तुमच्या पिकअपमध्ये असतील.

---

अकलूजकर | २२ डिसेंबर, दुपारी ४:०२

बाभूळवन काका, दंडवत. पण उसाला खात्रीचा दर असतो, डाळिंबाला नाही. शेतकरी मूर्ख म्हणून ऊस लावत नाही. केळीचं बघा, करमाळ्यात कंदर भागात निर्यातीची केळी जोरात आहे, उजनीच्या फुगवट्यावर. तिथं काम भरपूर. पण घड उतरवून, धुऊन, बॉक्स भरणाऱ्या टोळ्यांत परप्रांतीय पोरंच जास्त दिसतात. म्हणजे पीक बदललं तरी काम गावाला मिळतंच असं नाही.

---

बाभूळवन | २२ डिसेंबर, दुपारी ४:२०

हे मात्र बरोबर बोललात. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

कोचीत मुक्काम | २२ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

मूळची बार्शीची, बारा वर्षं केरळात. इथला अनुभव.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या आकड्यांत शेतमजुराची रोजची मजुरी केरळात सुमारे ७६४ रुपये, देशाची सरासरी सुमारे ३४६, महाराष्ट्र ३०३ च्या आसपास आणि मध्य प्रदेश २२९. म्हणजे एकाच देशात तिपटीहून जास्त फरक. ऐकायला छान. पण त्या मजुरीत भात परवडेना म्हणून इथलं भाताचं क्षेत्र १९७० च्या दशकातल्या पावणेनऊ लाख हेक्टरांवरून दोन लाखांच्या आसपास आलं. इथली पोरं आखातात, इथल्या बांधकामावर आणि शेतात बंगाल-आसामची पोरं. पंजाबचंही तसंच. जवळपास सगळी जमीन ओलिताखाली, आणि भात लावायला बिहारी मजूर. भूजल वाचवायला २००९ मध्ये तिथं कायद्यानं ठरावीक तारखेआधी भात लावायला बंदी आली, त्यामुळं सगळ्यांची लावणी एकदम, आणि स्टेशनवर मजुरांना पकडायला शेतकरी उभे. मंगळवेढेकरांच्या ज्वारीसारखीच अडचण, फक्त श्रीमंत घरातली.

इथं एक गोष्ट बघण्यासारखी वाटली. कुडुंबश्री या सरकारी बचत गट योजनेतल्या बायका गटानं पडीक रान खंडानं घेतात आणि स्वतः कसतात. मजूर म्हणून जात नाहीत, कसणाऱ्या म्हणून जातात. सगळीकडे जमतं असं नाही. माझ्या शेजारच्या गटानं दोन वर्षांत भांडून वाटणी केली.

---

पेठेतला | २२ डिसेंबर, रात्री ९:१५

काय बोलालाव ओ सगळे, शेती शेती! सोलापूर शहराला विसरलाव काय? गावात काम नाही म्हटल्यावर माणूस पूर्वी कुठं यायचा? गिरणीत. भोंगा झाला की चाळीच्या चाळी हलायच्या. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले, तेही निम्मे बंद पडालेत. बायका विड्या वळतात, हजार विड्यांवर मजुरी. कुंभारीला कामगारांची तीस हजार घरांची वसाहत झाली, घर चांगलं झालं ओ, पण काम?

आता बघा, कडक भाकरी. आमच्या गल्लीत चार घरात बायका रोज भाकरी थापून वाळवतात, पुण्या-मुंबईला जाते. मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरचा हात. शेंगाचटणी वेगळीच. ज्वारी नुसती पोत्यात भरून विकलाव तर बाईला फेब्रुवारीत पंधरा दिवस काम, भाकरी करून विकलाव तर बाराही महिने. माझं शिक्षण नववी, चुकलं तर सांगा.

---

मंगळवेढेकर | २२ डिसेंबर, रात्री ९:३०

पेठेतला, नववीत एवढं तर दहावीला काय केलं असतं! फक्त ज्वारी उपटायला कोण येणार ते सांगा, मग भाकरी.

---

सीनाकाठ | २२ डिसेंबर, रात्री १०:१०

एक नवीन मुद्दा. वेळामावस्येच्याच आठवड्यात संसदेनं रोजगार हमीचा नवा कायदा मंजूर केला, ते 'जी राम जी' म्हणतात तो. १०० ऐवजी १२५ दिवस. पण पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्षातले ६० दिवस कामं बंद ठेवायची, म्हणजे शेतकऱ्याला मजूर मिळतील. आणि मजुरीचा खर्च आतापर्यंत केंद्र करायचं, त्यात आता राज्याचा ४० टक्के वाटा.

माझी शंका, हे ६० दिवस कुणाच्या हंगामाचे? आमची रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबर, ज्वारीची काढणी फेब्रुवारी, उसाची तोड नोव्हेंबरपासून, द्राक्षाची छाटणी ऑक्टोबर, कोकणात भात जुलै.

---

बाभूळवन | २२ डिसेंबर, रात्री १०:४५

जिल्हा, तालुका, ग्रामपंचायतीनुसार वेगळ्या तारखा काढायची सोय कायद्यात आहे. सोय असणं आणि तलाठ्यानं, तहसीलदारानं ती नीट वापरणं यात अंतर असतं, हे मी खुर्चीवर बसून पाहिलंय. महाराष्ट्राची भीती वेगळी आहे. आपण रोजगार हमीचं माहेर, पण मागणी कमी, विहिरी-गोठे जास्त. ४० टक्के स्वतःच्या खिशातून द्यायचे म्हटल्यावर राज्य काम मागणाऱ्याला हसून 'या' म्हणेल, की "सेल्फवर काम नाही"?

---

दोन एकर | २२ डिसेंबर, रात्री १०:५८

६० दिवस बंद केलं म्हणून माझ्याकडं कोण येणार नाही. आत्ताच कोण तिथं जातंय की बंद केल्यावर माझ्याकडं येतील?

---

मोहोळची लेक | २३ डिसेंबर, रात्री ११:२०

दोन दिवस वाचतेय, लिहावं की नाही कळत नव्हतं. माझी आई त्या पिकअपमध्ये जाते. सीनाकाठ यांच्या गावात नाही, शेजारच्या. मी सोलापुरात नर्सिंग करते.

पहाटे चारला उठून ती भाकरी करते. सहाला गाडी. द्राक्षाला गेली तर ३५० मिळतात, त्यातले ५० गाडीवाल्याचे. गाडीवालाच मुकादम, तोच मालकाशी ठरवतो, मालकाचं तोंडही कधी कधी दिसत नाही. विरळणीचं काम हात वर करून असतं, रात्री खांदे उचलत नाहीत. कांद्याला बसून काम, पण गुडघे जातात. गाडीत बसायला जागा नसते, उभं राहायचं, वळणावर एकमेकींना धरायचं. मागच्या वर्षी आईच्या गाडीनं रस्त्याकडेला पलटी खाल्ली. आईचं मनगट मोडलं. ना मालकानं दिलं ना गाडीवाल्यानं, कारण कागदावर ती कुणाचीच मजूर नव्हती. तेव्हा रोजगार हमी तिला आठवली होती. तिथं निदान हजेरीपटावर नाव असतं.

तुम्ही विचारलंत की आमची माणसं ऊस का तोडत नाहीत. ऊस तोडायला कोयता लागतो, म्हणजे नवरा-बायको जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की हंगामभर सुटका नाही. मजुरी टनावर, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढली तरी. माझे वडील नाहीत. आई अर्ध्या कोयत्याची, तिला टोळीत कोण घेणार? पिकअपमध्ये एकटी बाई चालते, म्हणून पिकअप.

आणि खरं सांगू का, तिला गाडी आवडते. बाया गाणी म्हणतात, हसतात. आमच्या गल्लीतल्या शेतात गेली तर मालक नात्यातला, पैसे मागायला जीभ वळत नाही. लांबचा मालक संध्याकाळी रोख देतो.

---

सीनाकाठ | २३ डिसेंबर, रात्री ११:५५

ताई, हे माहीत नव्हतं. चुलतीला हेच विचारायला हवं होतं, मी तिला "सणाला सुट्टी घ्यायची की" म्हणालो. आईचं मनगट आता कसं आहे?

---

मोहोळची लेक | २४ डिसेंबर, सकाळी ५:४५

जोर लावला की दुखतं. छाटणीची कात्री धरता येत नाही म्हणून आता कांद्यालाच जाते. आज वडवळच्या बाजूला आहे, गाडी येईल इतक्यात.

---

दोन एकर | २४ डिसेंबर, सकाळी ६:३०

माझा कांदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय. तुमच्या आईच्या गाडीवाल्याला माझं सांगा. आणि पिकअप नको म्हणावं, मी ट्रॅक्टरची ट्रॉली पाठवतो, बसून या म्हणावं.